अमेरिकेचा इतिहास युरोपातून शिकायचा तर: कागद कुठे, प्रवेश कसा, अडतं कुठे

पानगळ

अमेरिकन स्टडीजसाठी जर्मनी, हॉलंड किंवा इंग्लंड असं म्हटलं की समोरून ठरलेला प्रश्न येतो: "अमेरिकाच शिकायचीय तर युरोपात कशाला?" प्रश्न अगदीच चुकीचा नाही. म्हणून हा धागा. इतिहासात बी.ए. किंवा एम.ए. झालेल्या मराठी मुलामुलींना उपयोगी पडेल असं काही इथे एकत्र करता येईल का? युरोपात बसून अमेरिकेचं असं काय करता येतं जे तिकडे जमत नाही, संस्था कुठल्या, आणि प्रबंधाचा विषय कसा निवडावा, एवढंच विचारतोय. "युरोपात लोक अमेरिकेला नावं ठेवतात" छापाच्या गप्पांना दुसरे धागे आहेत.

दफ्तरदार

पहिल्या प्रश्नापासून. "युरोपीय दृष्टिकोन" म्हटलं की तिथे बसून अमेरिकेवर मतं द्यायची असा समज असतो. मतं कुठेही बसून देता येतात. अमेरिकेच्या इतिहासाचे बरेच कागद मुळातच युरोपात आहेत, हे तिथे जाण्याचं खरं कारण. पाहा:

लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये 'सीओ ५' ही मालिका म्हणजे अमेरिकन वसाहतींचा सरकारी पत्रव्यवहार. स्वातंत्र्यानंतरचा परराष्ट्र खात्याचा अमेरिकेशी पत्रव्यवहार 'एफओ ५' मध्ये आहे. यादवी युद्धाच्या काळात चार्ल्सटनसारख्या दक्षिणेतल्या बंदरांत ब्रिटिश वाणिज्यदूत (कॉन्सल) होते, त्यांचे अहवाल तिथेच सापडतात. लुइझियाना आधी फ्रेंचांकडे आणि मग स्पेनकडे होता (कागदोपत्री १८०० पर्यंत, कारभार १८०३ पर्यंत). फ्रेंच काळाची पत्रं एक्स-आँ-प्रोव्हाँसच्या वसाहती दफ्तरात 'सी१३ए' या मालिकेत आहेत, तर स्पॅनिश काळाचे कागद सेव्हिलच्या आर्किव्हो हेनेराल दे इंदियासमध्ये 'पापेलेस दे कूबा' या नावाखाली. स्पेनचं 'पारेस' हे पोर्टल फुकट आहे, पण सगळं काही स्कॅन झालेलं नाही.

जर्मनीत आणखी मजा. सॅक्सनीतल्या हर्नहूट या छोट्या गावात मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाचं दफ्तर आहे. या पंथाचे मिशनरी लेनापे आणि चेरोकी या मूळ रहिवाशांत राहिले आणि रोजनिशा लिहून पेन्सिल्व्हेनियातल्या बेथलेहेमला व हर्नहूटला पाठवत राहिले. ८ मार्च १७८२ रोजी पेन्सिल्व्हेनियाच्या मिलिशियाने नादेनह्यूटन इथे ९६ ख्रिस्ती लेनापे मारले. त्या समाजाच्या आधीच्या आयुष्याचं इतकं बारीक चित्र इंग्रजी कागदांत मिळणार नाही. हालेच्या फ्रांके संस्थेत पेन्सिल्व्हेनियातल्या लुथरन पाद्र्यांची पत्रं आहेत.

अडतं कुठे? लिपीत. ही पत्रं कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत आहेत. मोडी शिकलेल्याला त्रासाची जात लगेच ओळखीची वाटेल: भाषा येते आणि कागद वाचता येत नाही. कुरेंटमधला 'ई' आपल्याला 'एन' वाटतो, आणि 'एन' व 'यू' यांतला फरक वरच्या छोट्या वळणावरून करायचा, जे घाईत लिहिणारा विसरतो. त्यामुळे आधी छापील उतारा उपलब्ध असलेलं पत्र घ्यावं आणि मूळ प्रतीशी ओळ-ओळ ताडून बघावं. इन्सब्रुकहून चालणारं ट्रान्सक्रिबस हे सॉफ्टवेअर कच्चा खर्डा देतं, पण त्याचं मॉडेल जर्मन शब्दांवर शिकलेलं असतं. लेनापे माणसांची नावं आणि इंग्रजी गावांची नावं ते हमखास बिघडवतं. म्हणजे तुम्हाला नेमकं जे हवंय तेच.

दुसरा सापळा तारखांचा. इंग्लंड आणि त्याच्या वसाहती १७५२ पर्यंत जुन्या पंचांगावर होत्या आणि वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. स्पेन-फ्रान्स १५८२ पासूनच नव्यावर. एकच घटना क्यूच्या कागदात आणि सेव्हिलच्या कागदात अठराव्या शतकात ११ दिवसांनी सरकलेली दिसते, सतराव्यात १० दिवसांनी. '१० फेब्रुवारी १७३१/३२' असं लिहिलेलं दिसलं तर तो १७३२ चा फेब्रुवारी. टिपणवहीत दोन्ही तारखा लिहायची सवय लावा, नाहीतर उत्तर आधी आणि पत्र नंतर असा चमत्कार होतो.

बर्लिनवासी

संस्था आणि प्रवेशाचं मी लिहिते.

बर्लिनच्या फ्राय युनिव्हर्सिटीची जॉन एफ. केनेडी इन्स्टिट्यूट ही १९६३ ची. इतिहास, साहित्य, संस्कृती, राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र असे सहा विभाग एका इमारतीत आहेत, आणि उत्तर अमेरिकेवरचं तिचं ग्रंथालय युरोपातल्या मोठ्यांपैकी एक आहे. एम.ए. इंग्रजीत, चार सेमिस्टर. शिकवणी फी नाही, सेमिस्टरची वर्गणी तेवढी भरायची. हायडेलबर्गचं सेंटर फॉर अमेरिकन स्टडीज २००३ चं. ते बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात येतं, आणि तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सरकारी विद्यापीठांत सेमिस्टरला १,५०० युरो फी असते. काही खास अभ्यासक्रमांची फी वेगळी, म्हणून त्या-त्या अभ्यासक्रमाचं पान वाचा. लायडनचं नॉर्थ अमेरिकन स्टडीजचं एम.ए. एका वर्षाचं, ६० क्रेडिटचं. ग्रोनिंगेनलाही आहे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डची रॉदरमिअर इन्स्टिट्यूट (२००१) आणि तिचं व्हेअर हार्म्सवर्थ ग्रंथालय. ब्रिटिश लायब्ररीतलं एकल्स सेंटर १९९१ पासून आहे.

हॉलंडच्या झीलंड प्रांतात मिडलबुर्गला रूझवेल्ट इन्स्टिट्यूट आहे, जुन्या मठाच्या आवारात. रूझवेल्ट घराण्याचे पूर्वज त्या भागातले मानले जातात, म्हणून नाव आणि जागा. अमेरिकन अध्यक्षांच्या कागदपत्रांचे मायक्रोफिल्म आणि डिजिटल संच तिथे बसून बघता येतात. विसाव्या शतकावर काम असेल तर वॉशिंग्टनचं तिकीट काढायच्या आधी ही यादी तपासा.

निवड करताना एक वर्ष की दोन वर्षं हे सगळ्यात आधी ठरवा. एका वर्षाच्या अभ्यासक्रमात प्रबंधाला हातात जेमतेम चार-पाच महिने राहतात. नवी लिपी शिकून अभिलेखागारात काम करणं त्यात बसत नाही. छापील किंवा डिजिटल साधनांवरचा विषय असेल तर एक वर्ष पुरे, आणि दफ्तरदाररावांच्या हर्नहूटसारखा विषय असेल तर दोन वर्षंच.

जर्मनीसाठी भारतातून अर्ज करणाऱ्यांना एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) लागतं, २०२२ च्या नोव्हेंबरपासून सक्तीचं. ते आधी काढा, बाकीचं त्यावर अडतं. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवायचे, हा २०२४ च्या सप्टेंबरपासूनचा आकडा. भरताना चालू आकडा बघाच. आपली तीन वर्षांची बी.ए. चालते का, हे विद्यापीठागणिक बदलतं. 'अनाबिन' या जर्मन नोंदवहीत आपल्या विद्यापीठाचा शेरा बघून मग फी भरा.

आणि हे मात्र ठळक: जर्मनीचा किंवा हॉलंडचा निवासी परवाना असला तरी भारतीय पासपोर्टवर अमेरिकेला 'एस्टा' (व्हिसाशिवाय प्रवासाची मंजुरी) मिळत नाही. वर्गातली इटालियन मुलगी काही दिवसांत ऑनलाइन मंजुरी घेऊन वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जला जाऊन येते, आपल्याला व्हिसाची मुलाखत लागते, आणि तिची तारीख कधी मिळेल त्यावर प्रबंधाचं वेळापत्रक टांगलेलं राहतं. विषय निवडताना हे धरून चला. अमेरिकेचा दौरा झाला नाही तरी प्रबंध पूर्ण होईल असाच आराखडा करा.

तिरकस

सगळं छान. पण ही युरोपातली अमेरिकन स्टडीज आली कुठून हेही सांगा की. १९४६ चा (विद्यार्थी-अध्यापक देवाणघेवाणीचा) फुलब्राइट कायदा, १९४७ चं साल्झबुर्ग सेमिनार, १९५४ ची युरोपियन असोसिएशन फॉर अमेरिकन स्टडीज. शीतयुद्धाच्या ऐन उमेदीतलं पीक आहे हे. खतपाणी कोणाचं होतं ते उघड आहे. काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम या लेखक-विचारवंतांच्या कम्युनिस्टविरोधी संघटनेला सीआयएचा पैसा होता हे १९६६-६७ मध्ये बाहेर आलंच. तेव्हा 'बाहेरून बघणारी स्वतंत्र नजर' वगैरे जरा बेताने.

दफ्तरदार

@तिरकस, सहमत, आणि ते अभ्यासक्रमातही शिकवतात. पण पैसा कोणाचा होता यावरून निष्कर्ष काय निघाला हे आपोआप ठरत नाही. साल्झबुर्गच्या पहिल्याच वर्षी शिकवायला आलेल्यांत मॅथिसनसारखा डावा समीक्षक होता. उलट उदाहरणही आहे: कार्नेगी कॉर्पोरेशनने १९३८ मध्ये अमेरिकेतल्या वंशप्रश्नाच्या अभ्यासासाठी स्वीडनचा गुन्नार मिर्डाल निवडला. साम्राज्य चालवण्याची परंपरा नसलेल्या देशातला माणूस हवा, हा त्यामागचा एक उघड विचार होता. अभ्यास १९४४ मध्ये छापला गेला आणि १९५४ च्या शाळांतल्या वंशविभागणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा तळटिपेत हवाला दिला.

माझी तक्रार वेगळी आहे. युरोपीय अभ्यासकांची जुनी खोड म्हणजे अमेरिकेत स्वतःचं भविष्य शोधणं. फ्रेंच विचारवंत तोकव्हील १८३१-३२ मध्ये अमेरिका फिरला, पण लिहीत होता फ्रान्ससाठी. जर्मन अर्थशास्त्रज्ञ झोम्बार्टने १९०६ मध्ये विचारलं की अमेरिकेत समाजवाद का नाही. प्रश्नातच गृहीत होतं की युरोपात जे घडतंय तो नियम आणि अमेरिका अपवाद. सेमिनारमध्ये असा "का नाही" प्रश्न घेऊन जाऊ नका, प्राध्यापक पहिल्या पाच मिनिटांत सोलतात.

(अवांतर: तोकव्हीलच्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह आता येल विद्यापीठात आहे. युरोपीय दृष्टीचा कागद अमेरिकेत!)

निळी शाई

मराठी वाचकाने या यादीत पंडिता रमाबाईंना विसरू नये. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, तिथून १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला, आणि १८८९ मध्ये 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' मराठीत छापलं. म्हणजे त्यांची अमेरिका इंग्लंडच्या मुक्कामानंतरची आहे. राजाराणीच्या देशाशी प्रजासत्ताकाची तुलना त्यात सतत चालू असते. स्त्रियांच्या संघटनांचं कौतुक आहे, आणि मूळ रहिवाशांशी व काळ्या लोकांशी होणाऱ्या वागणुकीवर टीकाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. त्यातून त्यांचं अमेरिकेबद्दल जे चित्र दिसतं ते १८६५ च्या विजयाचं आहे. रमाबाईंनी त्यानंतरची अमेरिका पाहिली. हे दोन मजकूर शेजारी ठेवून सेमिनारचा चांगला निबंध होतो, आणि युरोपातल्या वर्गात तो दुसरं कोणी लिहू शकणार नाही.

उत्तरवाहिनी

स्थलांतर हा विषय घेणाऱ्यांसाठी. तीन गोष्टी ज्यांवर हमखास घसरायला होतं.

हॅम्बुर्गच्या प्रवासी याद्या १८५० ते १९३४ च्या आहेत (पहिल्या महायुद्धात खंड आहे). त्या 'थेट' आणि 'आडमार्गी' अशा दोन प्रकारच्या. लिव्हरपूल किंवा दुसऱ्या युरोपीय बंदरात जहाज बदलणाऱ्यांची नावं १८५४ ते १९१० पर्यंत वेगळ्या वह्यांत आहेत. एकच वही बघून "हे कुटुंब गेलंच नाही" असं लिहिणारे प्रबंध आहेत. ब्रेमेनच्या याद्या जवळपास सगळ्या गेल्या. १८७५ नंतर जागा नाही म्हणून जुन्या याद्या नष्ट करत असत, उरलेल्या दुसऱ्या महायुद्धात गेल्या, १९२० ते १९३९ मधल्या काही वाचल्या. त्यामुळे फक्त हॅम्बुर्गवरून "जर्मन स्थलांतर" मोजलं की वायव्य आणि नैर्ऋत्य जर्मनी कमी दिसतो, कारण तिथले लोक ब्रेमेन, अँटवर्प, ल आव्र अशा बंदरांनी जात.

न्यूयॉर्कच्या एलिस आयलंड या प्रवेशनाक्यावर कारकुनांनी नावं बदलली ही दंतकथा. कारकुनासमोर जहाजाची यादी असे आणि ती यादी युरोपातल्या बंदरात भरलेली असे. नावं बदलली ती बहुतेक लोकांनी स्वतः, नंतर. एलिस आयलंड सुरू झालं १ जानेवारी १८९२ ला. त्याआधी, १८९० पर्यंत, कॅसल गार्डन.

आणि परतणारे! अमेरिकेने देश सोडून जाणाऱ्यांची नोंद ठेवायला १९०८ मध्ये सुरुवात केली. त्याआधी किती इटालियन, पोलिश, हंगेरियन माणसं परत गेली हे अमेरिकन कागदांतून कळतच नाही. त्यासाठी गावातल्या चर्चच्या वह्या, नगरपालिकेच्या नोंदी आणि घरी आलेल्या मनीऑर्डरी बघाव्या लागतात. अमेरिकेतल्या पुस्तकांत स्थलांतर एकाच दिशेचं दिसतं, त्याचं मोठं कारण ही न ठेवलेली नोंद आहे. जर्मन स्थलांतरितांच्या पत्रांचा मोठा संग्रह गोथाच्या संशोधन ग्रंथालयात आहे. पत्रं वाचताना एवढं धरून चला की जपून ठेवलेली पत्रं बहुधा बरं चाललेल्यांची असतात. ज्याचं बिनसलं तो लिहिणं थांबवतो.

पानगळ

वाचनखूण साठवली. अमेरिकेतली जर्मन वृत्तपत्रं कशी वापरायची? ती तर ऑनलाइन आहेत ना?

उत्तरवाहिनी

आहेत, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'क्रॉनिकलिंग अमेरिका'वर, फुकट. पण अक्षरं फ्राक्टुर (जुना जर्मन छापील टाइप), त्यात लांब 'एस' संगणकाला 'एफ' वाटतो. म्हणून शोधशब्द दोन्ही प्रकारे टाकायचा. आणि १९१७ च्या ऑक्टोबरचा कायदा लक्षात ठेवा: इंग्रजीखेरीज भाषेतल्या वृत्तपत्रांना युद्ध आणि सरकार यांविषयीच्या मजकुराचं इंग्रजी भाषांतर पोस्टमास्तरकडे द्यावं लागे. भाषांतराचा खर्च आणि धास्ती यामुळे १९१८ मध्ये राजकीय मजकूर आटतो. "जर्मन वाचकांना आता राजकारणात रस राहिला नव्हता" असा निष्कर्ष काढू नका.

बोरूबहाद्दर

गुलामगिरीवर ऑनलाइन साधनांतून काम करणाऱ्यांनाही असाच इशारा. १९३६ ते ३८ मध्ये सरकारी लेखक-योजनेत १७ राज्यांत पूर्वी गुलाम असलेल्यांच्या २,३०० हून जास्त मुलाखती घेतल्या गेल्या, सगळ्या वाचता येतात. युरोपातले विद्यार्थी त्या उचलतात आणि 'वृद्धांना मालक दयाळू वाटत होते' असं लिहून मोकळे होतात. मुलाखत घेणारे बहुतेक गोरे, काही ठिकाणी स्थानिक जमीनदारांच्याच घरातले. सांगणारे ऐंशीच्या घरातले, मंदीत सरकारी मदतीच्या आशेवर, आणि गुलामगिरीत त्यांचं बालपण गेलेलं. बोलीचं लिखाणही मुलाखतकाराच्या कानावर आणि वरून आलेल्या सूचनांवर. आधी मुलाखतकार कोण ते शोधा. काळ्या मुलाखतकारांनी घेतलेल्या मुलाखतींचा सूर वेगळा लागतो.

जनगणनेचं: १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत नाव मालकाचं, गुलामांचं फक्त वय, लिंग, रंग. बहुतेकांची नावं प्रथम १८७० मध्ये येतात. १८९० च्या जनगणनेचा बहुतेक भाग १९२१ च्या जानेवारीतल्या आगीनंतर गेला. माणसांची नावं ७२ वर्षांनी खुली होतात, म्हणून १९५० ची २०२२ मध्ये खुली झाली. १९६० ची मागणी करू नका, २०३२ शिवाय मिळणार नाही.

कपाशी

विषय शोधणाऱ्यांसाठी एक तयार विषय ठेवते, ज्यात अमेरिका, युरोप आणि आपला मुलूख तिन्ही खरोखर येतात: १८६१ ते ६५ चा कापूस.

यादवी युद्धाआधी ब्रिटनचा सुमारे पाऊण कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येई. १८६१ च्या एप्रिलमध्ये उत्तरेने बंदरांची नाकेबंदी केली, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी राहिल्या आणि मुंबईच्या कापसाचा भाव कडाडला. खानदेश, वऱ्हाड, हिंगणघाट या पट्ट्याला पैसा दिसला, मुंबईत शेअरबाजार वेडा झाला, प्रेमचंद रायचंद आणि बॅकबे रेक्लमेशन कंपनीची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं.

कागद: क्यूला एफओ ५. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्‌स. मँचेस्टरच्या सेंट्रल लायब्ररीत तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सचे कागद. आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, महसूल खातं. अमेरिकेला न जाता पूर्ण होणारा विषय आहे, बर्लिनवासीताईंनी सांगितलेली व्हिसाची अडचण इथे येत नाही.

घसरायची जागा म्हणजे मापं. लिव्हरपूलचा भाव पौंड वजनाला पेन्समध्ये, मुंबईचा खंडीला रुपयांत, आणि कापसाची मुंबई खंडी ७८४ पौंडांची. दुसऱ्या मालांची खंडी वेगळी. गाठी मोजून तुलना तर करूच नका, अमेरिकन गाठ आणि आपली गाठ वजनाने सारखी नव्हती आणि आपली गाठ दशकागणिक बदलली. सगळं आधी पौंडांत आणा. शिवाय लिव्हरपूलच्या बाजारात हिंदुस्थानचा बहुतेक कापूस 'सुरत' या एकाच नावाने विकला जाई. तिथल्या तक्त्यात 'सुरत' दिसला म्हणून तो गुजरातचा समजू नका, त्यात वऱ्हाडचाही असतो. 'धारवाड-अमेरिकन' दिसला तर तो मात्र न्यू ऑर्लिन्सच्या बियाण्यापासून धारवाडकडे पिकवलेला. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्यासाठी अमेरिकन मळेवाले बोलावले होते.

तिरकस

हे उत्तम. 'युरोपीय दृष्टी' या शब्दावरचा माझा आक्षेप तात्पुरता मागे!

बर्लिनवासी

सध्याच्या काळाबद्दल एक जोड, कारण 'आज' अभ्यास करणाऱ्याला हे टाळता येणार नाही. अमेरिकन सरकारी संकेतस्थळं आता स्थिर साधन धरता येत नाहीत. २०२५ च्या फेब्रुवारीत नॅशनल पार्क सर्व्हिसच्या स्टोनवॉल (न्यूयॉर्कमधलं समलिंगी हक्कांच्या लढ्याचं स्मारक) या पानावरून ट्रान्स लोकांचा उल्लेख गेला. त्याच सुमारास 'अंडरग्राउंड रेलरोड'च्या (गुलामांना पळून जायला मदत करणारं गुप्त जाळं) पानावरचं हॅरिएट टबमनचं चित्र आणि मजकूर बदलला, आणि बोंबाबोंब झाल्यावर एप्रिलमध्ये पूर्ववत केला. २७ मार्च २०२५ चा अध्यक्षीय आदेश स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयांमधल्या मांडणीबद्दल आहे.

करायचं काय: सरकारी पान वापरलंत की त्याच दिवशी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर ते जतन करा आणि तळटिपेत मूळ पत्ता, जतन केलेल्या प्रतीचा पत्ता, तारीख असं तिन्ही द्या. जुनं पान हवं असेल तर 'एंड ऑफ टर्म' संग्रह बघा. २००८ पासून प्रत्येक कार्यकाळाच्या शेवटी सरकारी संकेतस्थळांची प्रत त्यात घेतली जाते. वेबॅकमध्ये एकाच पानाच्या दोन तारखांची तुलना करायची सोय आहे, बदललेली वाक्यं रंगात दिसतात. सार्वजनिक इतिहासावर एखादा छोटा प्रबंध एवढ्यावरही उभा राहतो.

दफ्तरदार

तळटिपांचा विषय निघालाच आहे तर: नॅशनल आर्काइव्ह्ज, वॉशिंग्टनच्या कागदाला कॅटलॉगमधला ओळखक्रमांक द्या, नुसती लिंक नको. सीओ ५ च्या खंडांवर वेगवेगळ्या काळात मारलेले दोन-तीन पानक्रमांक असतात, कुठला वापरला ते पहिल्या टिपेत सांगा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. क्यूला फोटो स्वतःच्या कॅमेऱ्याने फुकट काढता येतात. प्रत्येक पेटीचा पहिला फोटो पेटीवरच्या क्रमांकाचा काढा. नाहीतर सहा महिन्यांनी हजारभर फोटोंतलं कुठलं पत्र कुठल्या खंडातलं हे सांगता येत नाही, आणि त्यासाठी परत लंडनला जावं लागतं.

@पानगळ, विषय नक्की झाला की इथेच टाका. लिपी आणि मालिका बघून कुठल्या गावापासून सुरुवात करायची ते सांगतो.